मला लिंबूटिंबू धरू नका

आइस हॉकीच्या हौशी लीगमध्ये चांगले खेळाडू मला दोन प्रकारचे भेटतात. पहिले ओरडतात. दुसरे कधी काही बोलत नाहीत, गोड हसतात, 'मजा कर' म्हणतात आणि अख्ख्या सामन्यात एकही पास देत नाहीत. निवड करायचीच झाली, तर मी ओरडणाऱ्यांच्या लाइनमध्ये, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तुकडीत, खेळेन.

'कच्च्या खेळाडूंना सांभाळून घ्या' अशा अर्थाच्या पोस्ट अधूनमधून दिसतात. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या सांभाळून घेण्यातच मला खोट दिसते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझी पायरी सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी मोठेपणी स्केटिंग शिकले. डावीकडे वळून मला झकास थांबता येतं. उजवीकडे वळून थांबायची वेळ आली की मला बोर्ड, म्हणजे रिंकभोवतीची भिंत, थांबवतात. पाठीमागे स्केटिंग करते, पण त्या वेगाने कुणाला अडवीन अशी आशा ठेवू नका. बऱ्याच लीगमध्ये ए, बी, सी, डी अशा डिव्हिजन असतात. मी त्या बाराखडीच्या शेवटाकडची. चार-पाच वर्षांचा असल्यापासून बर्फावर वाढलेल्या माणसाला स्केटच्या पात्याच्या कडा कशा टेकवायच्या याचा विचार करावा लागत नाही, त्याचं डोकं पूर्ण वेळ खेळात असतं. माझं अर्धं डोकं पायात असतं. हा फरक सरावाने कमी होतो, संपत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. लहानपणी पकडापकडीत कुणाचं तरी धाकटं भावंड घुसायचं आणि त्याला लिंबूटिंबू धरलं जायचं. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, कुणी त्याच्यामागे मनापासून पळत नाही. खेळ त्याला वळसा घालून चालू राहतो. पाच वर्षांच्या पोराला ते चालतं. चाळिशीच्या बाईला, जी अंगावर पॅड चढवून, हेल्मेट बांधून, रात्री उशिराच्या स्लॉटला रिंकवर आली आहे, तिला चालत नाही. (उशिराचेच स्लॉट. संध्याकाळचा चांगला वेळ मुलांच्या संघांना आणि फिगर स्केटिंगवाल्यांना जातो, आणि ते योग्यच आहे.)

भावनेचं राहू द्या, हिशेबाचं बोलू. बर्फावर एका संघाचे गोलकीपर सोडून पाच जण असतात. त्यातल्या एकीला पास द्यायचाच नाही असं ठरवलंत, की तुम्ही चौघं झालात. समोर पाच. एरवी कुणी ट्रिपिंग केलं (पाय अडकवून पाडलं), हुकिंग केलं (स्टिकने ओढलं), तर शिक्षा म्हणून संघाला दोन मिनिटं चार जणांनी खेळावं लागतं आणि आपण सगळे हळहळतो. माझ्या प्रत्येक शिफ्टला, म्हणजे बर्फावरच्या प्रत्येक पाळीला, तुम्ही तीच शिक्षा आपणहून घेता, रेफरीने शिट्टी न वाजवता. समोरच्या संघालाही दोन शिफ्टमध्ये कळतं की हिच्याकडे पक (हॉकीची रबरी चकती) येत नाही, मग माझ्यावर लक्ष ठेवणारा खेळाडू मला सोडून तुमच्यावर जातो. तुम्ही म्हणता, मोकळी जागाच मिळत नाहीये. मिळेल कशी?

आता कच्च्या खेळाडूला खरंच काय जमतं, ते बघू. मला विंगला, म्हणजे कडेच्या आक्रमक जागेवर, ठेवा. आपल्या झोनमध्ये, म्हणजे आपल्या गोलकडच्या निळ्या रेषेच्या (ब्लू लाइनच्या) आत, विंगरचं काम बरंचसं ठरलेलं असतं: समोरच्या संघाचा ब्लू लाइनजवळ उभा असलेला डिफेन्सचा खेळाडू आपला, त्याच्या आणि गोलच्या मध्ये राहायचं, स्टिक त्याच्या शॉटच्या रेषेत ठेवायची. त्याला वेग कमी लागतो, जागा कळावी लागते. आपल्या डिफेन्सला पक मिळाला की विंगरने बोर्डालगत येऊन तोंड खेळाकडे करून उभं राहायचं. पक आला, पास द्यायला कुणी मोकळं दिसलं तर उत्तम. नाहीच दिसलं, तर बोर्डावर आपटून ब्लू लाइनच्या बाहेर काढायचा. बस. हे दिसायला काहीच नाही, पण डी डिव्हिजनमधले किती गोल 'पक बाहेर निघाला नाही' या एका कारणाने होतात, ते कुठल्याही गोलकीपरला विचारा. तो तासभर बोलेल.

समोरच्या झोनमध्ये गोलसमोर जाऊन उभं राहणं हेही असंच काम. क्रीजच्या (गोलपुढे गोलकीपरसाठी आखलेल्या जागेच्या) बाहेर, गोलकीपरच्या डोळ्यांसमोर, स्टिक बर्फावर टेकवून. ढकलाढकली होते, पायावर पक लागतो. तीन इंच व्यासाचं, इंचभर जाडीचं रबर, वजन साधारण 170 ग्रॅम, आणि उसळी कमी मारावी म्हणून अनेकदा गोठवून आणलेलं. लागतो तेव्हा कळतं. पण तिथे उभं राहायला क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) यावे लागत नाहीत.

मला मोजा असं म्हणते, तर मोजण्याची दुसरी बाजूही माझ्यावर आहे. इथे मी माझ्यासारख्याच कच्च्या खेळाडूंशी भांडणार आहे.

सगळ्यात आधी शिफ्ट. व्यावसायिक खेळाडू, ज्यांचं पोट यावर चालतं, ते साधारण पाऊण मिनिट खेळून बेंचवर येतात. आणि आमच्यातले काही जण दोन-दोन मिनिटं बर्फावर तरंगत राहतात, 'अजून दम आहे' म्हणत. दम नसतो. गुडघे सरळ झालेले असतात, स्टिकवर रेललेले असतात, आणि बेंचवर तीन जण दाराशी उभे असतात. स्केटिंग कच्चं असणं चालतं, वेळेवर बाहेर न येणं चालत नाही, कारण त्याला कौशल्य लागत नाही. हॉकीत बदल खेळ चालू असतानाच होतो. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) नियमानुसार बाहेर येणारा बेंचपासून पाच फुटांच्या आत आला की बदली खेळाडू उतरू शकतो. त्याआधी उतरून तो खेळात शिरला तर जास्त माणसं म्हणून दोन मिनिटांची शिक्षा. रमतगमत येणारा माणूस म्हणून दुहेरी नुकसान करतो: तो स्वतः खेळत नाही आणि दुसऱ्याला उतरू देत नाही.

मग ऑफसाइड. कच्च्या खेळाडूला वाटतं ऑफसाइड म्हणजे पकाच्या आधी ब्लू लाइन ओलांडू नये, एवढंच. अर्धाच भाग झाला. पक झोनमधून बाहेर गेला की आत असलेल्या प्रत्येकाने बाहेर यायचं असतं. आपण आतच रेंगाळलो आणि आपल्याच कुणी पक पुन्हा आत नेला, तर शिट्टी. म्हणजे आपल्या संघातला सगळ्यात हळू माणूस जेवढ्या वेळात ब्लू लाइनपर्यंत परत येतो, तेवढा वेळ सगळ्या संघाचा हल्ला खोळंबतो. माझ्या पायांत वेग नाही, म्हणून मला हे आधी ओळखावं लागतं. पक निसटणार असं दिसलं की मी निघते, निसटल्यावर नाही.

आणि लपणं. याबद्दल कुणी लिहीत नाही, पण आम्ही सगळे करतो किंवा करायचा मोह होतो. पक जिथे नाही तिथे सुबकपणे स्केटिंग करत राहायचं, बचाव करणाऱ्याच्या अगदी मागे उभं राहायचं म्हणजे पास येऊच शकत नाही. चुकायचं नाही, कारण काही करायचंच नाही. हे म्हणजे स्वतःला लिंबूटिंबू धरणं झालं. असं खेळून वर 'मला पास देत नाहीत' म्हणण्याचा हक्क उरत नाही.

परत चांगल्या खेळाडूंकडे येते. तुमच्या कौशल्याचा कस मला दिलेल्या पासमध्ये लागतो, हे माझं ठाम मत आहे. तुमच्याच तोडीच्या माणसाला बर्फावरून उचललेला, फिरता, पूर्ण वेगातला पास देणं तुम्हाला जमतं, कारण चुकलात तरी तो सावरून घेतो. मला द्यायचा असेल तर पक बर्फावर सपाट यायला हवा, फोरहॅण्डवर यायला हवा आणि क्षणभर आधी यायला हवा, म्हणजे वर बघायला वेळ मिळेल. हळू नको हं. रांगणारा पास वाटेतच समोरचा उचलतो. योग्य वेगाचा. असे पास देणारी एक बाई मला काही काळ सेंटर (मधली आक्रमक खेळाडू) म्हणून लाभली होती. तिच्याबरोबर खेळताना मी दुप्पट चांगली दिसायचे, आणि सुधारायचेही, कारण पक यायचा.

ओरडण्याबद्दलही सांगायला हवं. मी ओरडणाऱ्यांची बाजू घेतली खरी, पण 'स्केट! स्केट!' असं बेंचवरून किंचाळणाऱ्यांची नाही. मी स्केटच करते आहे, बाबा, हा माझा पूर्ण वेग आहे. ओरडायचं तर कामाचं ओरडा. पक माझ्याकडे येत असताना माझे डोळे पकावर असतात, पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. 'मॅन ऑन' म्हणालात तर मला कळतं, कुणीतरी अंगावर येतंय, लगेच बोर्डावर मारायचा. 'टाइम' म्हणालात तर कळतं, थांबून बघायला सवड आहे. एका शब्दाने मी एक डिव्हिजन वर जाते. आणि चूक झाली तर बेंचवर आल्यावर सांगा. 'तू मध्ये आलीस, बोर्ड सोडू नकोस.' मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी मी सांभाळीन, तुम्ही नका सांभाळू. आता बाई आहे म्हणून गप्प बसतात की कच्ची आहे म्हणून, ते मला बरेचदा कळत नाही. दोन्ही सौजन्यं एकाच चेहऱ्याने येतात.

धीर द्यायला म्हणून आम्हाला हमखास एक गोष्ट ऐकवली जाते. 22 फेब्रुवारी 2020, टोरोंटो. कॅरोलिना हरिकेन्सचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले आणि डेव्हिड एअर्स नावाचा 42 वर्षांचा माणूस, ज्याने पूर्वी रिंकवर झॅम्बोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) चालवली होती, तो एनएचएलच्या सामन्यात गोलमध्ये उभा राहिला आणि जिंकला. बघ, तूही करशील! अहो, तो कच्चा नव्हता. तो व्यावसायिक खेळाडूंच्या सरावात गोलमध्ये उभा राहत होता. 2018 साली शिकागो ब्लॅकहॉक्सकडून असाच उतरलेला अकाउंटंट स्कॉट फॉस्टर, त्यानेही सात शॉट अडवले, पण तो कॉलेजात हॉकी खेळलेला होता. तेव्हा ही उदाहरणं माझ्या कामाची नाहीत.

पण एअर्सच्या सामन्यातली दुसरी गोष्ट माझ्या कामाची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. त्याच्यावर आलेले पहिले दोन्ही शॉट गोल झाले. त्यानंतरचे आठ त्याने अडवले, संघ 6-3 ने जिंकला. तो जवळपास अर्धा तास गोलमध्ये होता आणि त्या अर्ध्या तासात त्याच्यावर सगळे मिळून दहा शॉट आले. दहा! टोरोंटोसारख्या संघाकडून. म्हणजे पुढच्या पाच जणांनी त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही हिशेबात धरून खेळ आवळला. गोलकीपरला लिंबूटिंबू धरताच येत नाही, त्याच्यावर झालेला गोल धरला जातो. बर्फावरच्या बाकीच्या कच्च्यांनाही त्याच हिशेबात घ्या, एवढंच मागणं आहे.

याच्या उलट टोकाला तो दान केलेला गोल. सामना एकतर्फी झालेला असतो, समोरचे बचाववाले अचानक पाय ओढायला लागतात, गोलकीपर एक बाजू उघडी ठेवतो आणि कुणा नवख्याच्या स्टिकवरून पक आत ढकलला जातो. बेंचवर जल्लोष, कुणीतरी जाळीतून पक काढून त्याला आठवण म्हणून देतो. मी असे गोल पाहिले आहेत. घेणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं. मला पहिला गोल मिळायला फार वेळ लागला, आणि तो माझ्या शिनपॅडला लागून आत गेला. कुरूप होता, पण गोलकीपर जाम चिडला होता, म्हणून माझा होता.

यावर कुणी म्हणेल, आम्हीही फी भरतो, आम्हालाही जिंकायचं असतं. मान्य. बरोबरीत सामना आहे, शेवटचं दीड मिनिट उरलंय, तर मला उतरवू नका. मीच कॅप्टन असते तर मलाच उतरवलं नसतं. पण तसं आधी सांगा. माझी पाळी असताना माझ्या खांद्यावरून कुणीतरी गुपचूप उडी मारून जातं आणि सगळे दुसरीकडे बघतात, ते नको. सांगितलंत तर मी बेंचच्या दाराशी उभी राहीन. तेही कुणीतरी नीट करायला हवं, कारण दमून आलेला माणूस आणि उघडायला उशीर झालेलं दार यांच्यात पाच-सहा सेकंद जातात. दार उघडण्यात मात्र मी आमच्या संघात कुणालाही हार जाणार नाही.