क्रमांक चौदा

परवा पहाटे माझ्या नाकाची नोंद पक्ष्यांच्या यादीत झाली. क्रमांक चौदा. ती अजून खोडलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

रानात बसून पक्षी ऐकावेत एवढीच इच्छा होती. सर्दी होती, तरी गेलो. तांबडं फुटायच्या आत दयाळ पक्ष्याने सुरुवात केली आणि शेजारच्या दगडावर एक गृहस्थ उगवले. गळ्यात दुर्बीण, हातात मोबाइल, तोंडावर बोट. मी स्वेटरची चेन ओढली तर ‘श्श!’ जांभई दिली तर ‘श्श!’ स्वतः मात्र अखंड कुजबुजत होते. पहाटे वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्यांचाही जात होता.

एकदम ते ताठ झाले. “ऐका! शीळ!”

मी श्वास रोखला. शीळ थांबली.

“गेला,” ते हळहळले. मी श्वास सोडला. “आला!”

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या त्यांच्या अ‍ॅपवर नाव उमटलं: शीळकरी कस्तूर. हा पक्षी शीळ घालतो तीच माणसासारखी, तेव्हा अ‍ॅपला तरी काय बोलणार. मोबाइल पुढे धरून ते सरकत सरकत माझ्याकडे येऊ लागले. “जवळ आहे. फार जवळ आहे.” मोबाइल मिशीला लागला तेव्हा उलगडा झाला.

“हे तुम्ही करताय?”

“सर्दी आहे हो.”

“मग आधी सांगायचं ना! नोंद गेली माझी.”

“खोडा की.”

“इथे रेंज आहे का?” जणू टॉवर मीच उपटला होता.

पक्ष्याचं स्वरयंत्र श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतं आणि त्याच्या दोन बाजू एकाच वेळी वेगवेगळे सूर काढू शकतात. माझी एकच नाकपुडी चालू होती. तेवढ्यावर कस्तूर ठरलो, म्हणजे तसा गौरवच. कोकिळेचं तरी काय? कुहूकुहू करतो नर आणि कवितेत मिरवते मादी.

नाकाचं एक वेळ सोडून देतो. पण मग त्यांनी खिशातून स्पीकर काढला आणि दयाळाचं रेकॉर्डिंग लावलं. नराचं गाणं म्हणजे ‘ही जागा माझी’ अशी पाटी असते. हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो बिचारा गाणं टाकून खाली आला, शेपटी उभारून स्पीकरभोवती नाचू लागला. रात्रभराचा उपाशी जीव न दिसणाऱ्या शत्रूशी भांडतोय आणि गृहस्थ फोटो काढताहेत! “अहो, बंद करा ते,” मी म्हटलं.

“श्श!”

त्याच संध्याकाळी पुन्हा गेलो. वाफ घेऊन, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या करून. ते होतेच. पाखरं थाऱ्याला आली, कलकल उठली, विरली. तेवढ्यात ओढ्याकडून शीळ आली. रमतगमत, मध्येच चाल विसरल्यासारखी. खरा कस्तूर! अंगावर काटा आला.

गृहस्थांनी मोबाइल काढलासुद्धा नाही. रुमाल काढून माझ्यापुढे धरला.