‘जंगल दया करत नाही’ एवढं कारण पुरत नाही

‘जंगल दया करत नाही, मग गेमने का करावी?’ रानावनात तग धरण्याच्या गेमबद्दलचं हे वाक्य इतक्या जणांनी एकमेकांना पाठवलंय की, बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत गेम खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात ते ऐकायला मिळतं. त्यामागचं म्हणणं थोडक्यात असं: भूक सतत मागे लागली पाहिजे, आग सहजासहजी पेटता कामा नये, जनावराने दिसेल तिथे अंगावर आलं पाहिजे, मेलं की तोवरचा सगळा खेळ पुसला गेला पाहिजे, आणि सोपा मोड ठेवणं म्हणजे गेमशी बेइमानी. जितका अवघड, तितका खरा.

हे गेम मला मनापासून आवडतात आणि सह्याद्रीतही मी बरीच वर्षं फिरतोय. म्हणूनच हे पटत नाही. खरेपणा आणि अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या नावाखाली दुसरी खपवली जातेय.

भुकेपासून सुरुवात करू. रानात वावरणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: हवेवाचून तीन मिनिटं, कडाक्याच्या हवेत आडोशावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. म्हणजे खऱ्या रानात भूक सगळ्यात शेवटी मारते. गेममध्ये मात्र सकाळी अख्खं हरीण खाल्लेला गडी संध्याकाळी उपाशी मरायला टेकतो. याला वास्तव कसं म्हणायचं? गेममधला दिवस आपल्या तास-दोन तासांत संपतो, त्यामुळे पडद्यावरचा भुकेचा काटा पळवावा लागतो, हे मला मान्य आहे. ती गेमची गरज आहे. पण मग तिला गरजच म्हणा. काटा आणखी दुप्पट पळवला तर गेम दुप्पट खरा होत नाही, फक्त खेळणारा दुप्पट वेळा पिशवी उघडतो.

याचं उत्तम उदाहरण ‘द लाँग डार्क’मध्ये आहे. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा हा बर्फाळ रानात तग धरण्याचा गेम 2014 मध्ये अर्धवट अवस्थेत खेळायला मिळाला आणि 2017 मध्ये पूर्ण झाला. त्यात खेळणाऱ्यांनी एक पळवाट शोधली होती. दिवसभर उपाशी राहायचं, झोपण्याआधी थोडं खायचं, रात्रीच्या झोपेत तब्येत भरून निघते. जितकी कडक भूक, तितका हिशेबी उपवास. कंपनीने शिक्षा आणखी कडक केली असती, तर हिशेब आणखी बारीक झाला असता. त्यांनी उलटं केलं. सलग तीन दिवस पोट रिकामं पडू दिलं नाही, तर पाच किलो जास्त ओझं उचलता येईल, अशी सोय ठेवली. पोटभर जेवलेल्या माणसाच्या अंगात ताकद असते, हे आपल्याकडे कुठलीही आजी सांगेल. गेम त्या जागी जास्त खरा झाला, आणि त्यासाठी तो जास्त अवघड करावा लागला नाही.

पोलंडच्या क्रीपी जारचा ‘ग्रीन हेल’ (2019) ॲमेझॉनच्या जंगलात घडतो. तिथे प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ आणि पाणी असे चार वेगळे काटे मनगटावरच्या घड्याळात दिसतात. ऐकायला त्रासदायक वाटतं, पण खेळताना ते आपण काय शोधायला बाहेर पडायचं हे ठरवतं. त्याहून मला आवडते ती जळवांची गोष्ट. अंगाला जळू चिकटली की स्वतःचे हातपाय फिरवून बघायचे, सापडली की उपटायची. पावसात आंबोलीला गेलेला माणूस ते करताना लगेच पायाकडे बघेल. असा खरेपणा कोणाला छळत नाही.

आता आग. ‘पहिल्या काडीत पेटली तर तो गेमच नव्हे,’ असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रसंग सांगतो. ऐन जुलैत कर्जतकडच्या एका वाडीत आम्ही तिघे चूल पेटवत बसलो होतो. कापराच्या वड्या संपल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे धूर काढून विझले, काडेपेटी दमट. अर्धा तास गेला. घरातले काका बाहेर आले, आमचंच एक मनगटाएवढं लाकूड उचललं आणि कोयत्याने उभं फोडलं. वरची साल चिंब, आतला गाभा कोरडा ठणठणीत. त्याच्या बोटाएवढ्या सळ्या काढल्या, खाली कारवीच्या काटक्यांचा चुरा घातला आणि एका काडीत जाळ केला.

त्या अर्ध्या तासात आमचं नशीब वाईट नव्हतं. आम्हाला येत नव्हतं, आणि काकांना येत होतं. बरेच ‘कडक’ गेम इथेच चुकतात. ते आग पेटण्याची टक्केवारी खाली आणतात आणि त्याला वास्तव म्हणतात. पण शंभरात तीसदा पेटेल, हा फासा झाला. त्यात शिकण्यासारखं काही नाही. मला अवघड गेम हवाच आहे, फक्त अवघड काय असावं हे नीट निवडलेलं हवं. कुठलं लाकूड कोरडं, वारा कुठून येतोय, आडोसा कुठे, हे ओळखणं अवघड ठेवा. ओळखलं की आग पेटू द्या.

जनावरांबाबत तर हा दावा मुंबईत तरी कोणी करू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी इमारती, आणि आत बिबटे. हल्ले झाले आहेत, माणसं गेली आहेत, ते दुःख लहान नाही. पण बिबट्या बहुतेक रात्री माणसाला टाळूनच निघून जातो, आणि सीसीटीव्हीत दिसला तरच आपल्याला कळतं. आरेच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात ते काही दिसेल तिथे झडप घालणारं जनावर म्हणून नव्हे. लपलेलं, बघत असलेलं जनावर जास्त भीती घालतं. ‘द लाँग डार्क’मध्ये कच्चं मांस जवळ असलं की वास लांडग्यांपर्यंत पोचतो. तिथे हल्ला होतो तेव्हा चूक कुठे झाली ते मला ठाऊक असतं.

मेल्यावर सगळं पुसण्याबद्दल माझं मत पूर्ण विरोधी नाही. एकच जीव असला की माणूस जपून पाऊल टाकतो, हे खरं. पण तो नियम गेमने आधी कमवावा लागतो. दगडात पाय अडकून, कॅमेरा फिरून, न दिसलेल्या कड्यावरून पडून तीस तासांचा खेळ गेला, तर त्यात जंगलाचा काही संबंध नाही. विरारहून चर्चगेटला रोज जाऊन येणाऱ्या माणसाकडे रात्री चाळीस मिनिटं उरतात. त्याचे तीस तास म्हणजे दीड महिना. समुद्राखाली तग धरण्याच्या ‘सबनॉटिका’ने (2018) एका जिवाचा मोड वेगळा ठेवला, आणि तहानभूक नसलेलाही वेगळा ठेवला. ज्याला जे पेलेल ते त्याने घ्यावं.

राहिला सोपा मोड. माझ्या आईने ‘द लाँग डार्क’ त्याच्या सगळ्यात सौम्य मोडमध्ये खेळायला घेतला. त्यात लांडगे तिला बघून पळतात. ती गेममधल्या मिस्टरी लेक या तळ्याच्या काठाने चालते, कुठल्या झोपडीत शेगडी आहे ते वहीत लिहून ठेवते, बर्फावरची सावली लांबली की परत फिरते. परवा मी सगळ्यात कडक मोडमध्ये होतो, बंदूक नाही, चार काड्या शिल्लक, सगळं लक्ष काट्यांवर. ती मागे उभी होती. म्हणाली, ‘अरे, उजेड बघ. आता वळलास तर पोचशील.’ मी वळलो नाही. तळ्याच्या मधोमध अंधार झाला आणि वारा सुटला.