पाटी बदलली, टर्बाइन लिंकनमध्येच

तळेगावला यायचा वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला, त्याची चुटपुट चिंचवडच्या माझ्या दादाच्या मनातून अजून गेलेली नाही. परवा फोनवर तोच विषय. वर म्हणाला, "तुमच्या इंग्लंडात तरी आता कुठे कारखाने उरलेत?"

मी राहतो लिंकनला. इथली इंजिनं बनवणारी रस्टन कंपनी १८५७ ची. १९१८ मध्ये ती आणि ग्रँथमची हॉर्न्सबी एक झाल्या. रस्टनचं इंजिन आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत होतं. दोघं मिळून हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की खटका पाडायचे, आणि पत्र्यावरच्या नळीतून धुराचं पहिलं वेटोळं दिसलं की आजी दळणाचा डबा उचलायची. पुढे चिंचवडलाच या नावाचा कारखाना होता.

हॉर्न्सबीच्या डेव्हिड रॉबर्ट्स यांनी १९०४ मध्ये साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं पेटंट घेतलं. ब्रिटिश लष्कराने तो चालवून पाहिला, पण मोठी मागणी आलीच नाही. शेवटी कंपनीने हक्क अमेरिकेच्या होल्ट कंपनीला विकून टाकले. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या मिळून १९२५ मध्ये कॅटरपिलर ही बुलडोझर-ट्रॅक्टरवाली कंपनी झाली. हे आठवलं की आजही माझा जीव तळमळतो. एवढी बुद्धी घरात होती, आणि ती कागदासकट दुसऱ्याच्या हाती दिली!

१९४६ मध्ये मात्र रस्टनने शहाणपण केलं. डिझेल इंजिनांचा धंदा हातात असतानाच, फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनावर काम केलेल्या बॉब फील्डन यांना आणून गॅस टर्बाइनचं, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने फिरणाऱ्या इंजिनाचं, काम सुरू केलं. १९६६ मध्ये कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिककडे गेली, मग जीईसी, अल्स्टॉम, २००३ मध्ये सीमेन्स. मालक बदलले, रस्टन हे नावही गेलं, त्याचं वाईट वाटतंच. पण टर्बाइन अजून लिंकनमध्ये बनतात, कारण त्यांचं डिझाइन करणारी माणसं इथेच होती.

आपल्याकडे हे कोणाला जमलं नाही असं मुळीच नाही. त्याच १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तरी प्रकल्प कुठे गेला, जमीन किती एकर, नोकऱ्या किती, यावरच आपण भांडतो. दादाला मी एवढंच विचारलं, "तळेगावला तो आला असता, तर ड्रॉइंग कोण काढणार होतं?" दादा म्हणाला, "ते कुणी विचारलंच नाही रे."