खिशातला कांदा

आषाढीला गर्दी फार, हे कारण पुढं करून आम्ही चौघांनी यंदा चैत्री वारीला पायी जायचं ठरवलं. ठरलं ते सोसायटीच्या ऑफिसात, एसी बावीसवर असताना. वर्षातल्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी चैत्रीला रस्ता मोकळा मिळतो, हा शोध माझ्या मेहुण्याचा. मोकळा का मिळतो, हे कुणी विचारलं नाही.

पुणे ते पंढरपूर साधारण 210 किलोमीटर. माउलींची पालखी आळंदीहून निघून अडीच आठवड्यांच्या वर घेते. आमच्याकडे रजा आठ दिवसांची. मेहुण्याने लगेच एक्सेलमध्ये रोजचे 26 किलोमीटर टाकले. एका ओळीत मावले. पहाटे चार ते दहा चालायचं आणि उन्हात दुपारी चारपर्यंत पडून राहायचं. सहा तासांची वामकुक्षी बघून मंडळींना वारी एकदम आवाक्यात वाटू लागली.

मग हिने चहा ठेवता ठेवता विचारलं, "पडणार कुठं?"

तिथं घोडं अडलं. आषाढीला पाण्याचे टँकर असतात, गावोगावी पिठलं-भाकरी असते, सामान ट्रकमधून जातं, पाय चेपून देणारेसुद्धा असतात. चैत्रात यातलं काय मिळणार? जी गर्दी टाळायला निघालो, तीच सगळी सोय घेऊन चालत असते हे एव्हाना ध्यानात आलं, पण तोवर रजेचे अर्ज मंजूर झाले होते. (एरवी आमच्याकडे रजा इतकी पटकन मिळत नाही. पांडुरंगाचीच इच्छा.)

तेव्हा सामान पाठीवर. सॅकचं वजन 14 किलो भरलं. त्यात जलसंजीवनीवरून भांडण. प्रमाण सोपं आहे : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शेजारच्या काकांना मधुमेह, म्हणून साखर वगळली. चेअरमनसाहेबांना रक्तदाब, म्हणून मीठ वगळलं. राहिलं ते पाणी.

आईने शेवटचं अस्त्र काढलं. प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा. ऊन लागत नाही म्हणे. काका माळकरी. "पंढरीला जाताना कांदा?" म्हणून त्यांनी हात मागे घेतला. "सावतोबांना कांद्यात विठाई दिसली, तुम्हाला निदान खिशात चालेल," असं आईने सुनावलं आणि कांदा त्यांच्या सदऱ्यात सरकवला.

मग रंगीत तालीम. पुणे ते सासवड हा पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, मध्ये दिवे घाट. हडपसरच्या गाडीतळावर पहाटे साडेचारला जमायचं होतं. जमलो सव्वासहाला, निघालो सातला, कारण चहावाल्याचं दूध यायचं होतं. फुरसुंगीपर्यंत आम्ही अभंग म्हणत होतो. उरुळी देवाचीला गुणगुणत होतो. वडकीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

घाटात डांबर असं तापलेलं, की बुटांच्या तळव्यातून लाह्या फुटतील. खाली मस्तानी तलावाकडे बघायचं त्राण नव्हतं. माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता, आणि खिशातला कांदा घामाने भिजून मांडीला असा वास सोडत होता, की आता फक्त बेसनात बुडवायचा राहिलो होतो.

तेवढ्यात वळणावर उभा ट्रक दिसला. उतरताना ब्रेकचे लायनर तापले म्हणून थांबलेला. आम्ही चौघे न बोलता त्याच्या सावलीत कलंडलो. वर बघतो तर ट्रकभर कांदे! लोणंदचा माल, मार्केट यार्डाला चाललेला. खिशातल्या एकाने जे जमलं नव्हतं, ते वरच्या गोण्यांनी केलं. दहा मिनिटं स्वर्ग. मग इंजिन सुरू झालं आणि आमची सावली हळूहळू पुण्याकडे निघाली.

"ओ मामा!" मेहुणा ओरडला. ट्रक थांबला. काका सगळ्यांच्या आधी वर चढले आणि गोणीला टेकून बसले.

केबिनमधून ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "कुठं निघाला हुता?"

"पंढरपूरला. पायी."

त्याने आमच्याकडे, सॅककडे आणि मग काकांच्या खिशाकडे नीट बघून घेतलं.

"आषाढीला अजून तीन-चार महिनं हायेत की," तो गिअर टाकत म्हणाला. "ह्या चालीनं पोचताल वेळंवर."