मोल्डुगा ‘नावाला बॉस’ नाही

निंटेंडोच्या ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम मार्च २०१७ मध्ये आला. तेव्हापासून एक मत झेल्डा खेळणाऱ्यांत जसंच्या तसं फिरतंय: त्यातल्या गेरुडो वाळवंटात वाळूखाली फिरणारा मोल्डुगा हा राक्षस नुसता दिसायला मोठा आहे. खडकावर उभं राहायचं, बॉम्ब टाकायचा, त्याने गिळला की फोडायचा, आडवा झाला की झोडपायचं, आणि मरेपर्यंत हेच करत राहायचं. डोकं लावायला नको, दुसरी रीतच नाही. वर तो याच मालिकेतल्या जुन्या ‘विंड वेकर’मधल्या मोल्गेराची फिकी नक्कल, कथेत त्याचं काही काम नाही, मारून हाती काही लागत नाही, आणि तो भेटतो त्या चारही ठिकाणी तोच प्रकार. थोडक्यात, बॉस म्हणजे गेममधला खास लढतीचा मोठा शत्रू, तर हा नुसता नावाला बॉस.

मला हे अजिबात पटत नाही. यातला एक मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे, तो शेवटी घेते. बाकीचे आधी.

खडकापासूनच सुरुवात करू, कारण सगळं मत त्या खडकावरच उभं आहे. मोल्डुगा आवाजावर शिकार करतो. गेममधल्याच हायरूल कंपेंडियम या माहितीकोशात त्याची नोंद आहे आणि असल्या भागात बेफिकीर पळापळ करू नका असा इशाराही आहे. खडकावर तो तुम्हाला गाठत नाही, हे बरोबर. पण खडकावरून तुमची तलवारही त्याला गाठत नाही. जबड्यात बॉम्ब फुटल्यावर तो कोसळतो तो वाळूत, तुमच्यापासून लांब. मारायचं तर खाली उतरावंच लागतं. आणि बोझाई या पात्राकडून वाळूत चालायचे सँड बूट मिळवले नसतील तर वाळूत लिंकचे, म्हणजे तुम्ही खेळवत असलेल्या नायकाचे, पाय रुततात, धाव मंदावते. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वेळ जातो, मग मोजके वार हाताशी येतात, आणि मग तो उसळून पुन्हा वाळूत शिरतो. आता तुम्ही उघड्यावर आहात, खडक मागे राहिलाय, आणि पळालात तर आवाज होणार.

खरी लढत या परतीच्या धावेत आहे. आणखी एक वार घालावा की आत्ताच माघारी फिरावं, हा निर्णय दर फेरीला घ्यावा लागतो, आणि तोही स्टॅमिनाच्या, म्हणजे दमाच्या, चक्रात किती हिरवं उरलंय ते बघत. बहुतेक जण हावरटपणा करतात. मग वाळूतली ती धुळीची रेघ वळते, सरळ तुमच्याकडे येते, आणि पुढच्या क्षणी लिंक हवेत उडालेला असतो. ‘खडकावर उभं राहा आणि मारा’ असं सांगणारे ही धाव सांगतच नाहीत.

बॉम्बचंही तसंच. सांगताना ‘बॉम्ब टाका’ एवढंच सांगतात, पण लिंककडे बॉम्ब दोन प्रकारचे असतात, गोल आणि चौकोनी. टेकाडाच्या उतारावर गोल बॉम्ब टाकला तर तो घरंगळत भलतीकडेच जातो. चौकोनी जिथे पडेल तिथे राहतो. म्हणजे मोल्डुगाला नेमकं कुठे वर काढायचं, खडकाच्या किती जवळ आडवा पाडायचा, हे तुम्ही ठरवू शकता. तो जवळ पडला तर वार जास्त मिळतात आणि परतीची धाव छोटी होते. मग वेळ साधायची. धुळीची रेघ बॉम्बकडे वळलेली दिसली की बोट एल बटणावर न्यायचं, पण दाबायचं नाही. घाई केली तर बॉम्ब वाळूतच फुटतो आणि हाती काहीच लागत नाही. तो जबडा वासून बॉम्बसकट वर आला की मगच दाबायचं. अवघड आहे का? फारसं नाही. पण ‘डोकं न लावता होतं’ हे चूक आहे. नीट बघितल्याशिवाय हे जमत नाही, आणि माझ्या मते चांगल्या बॉसची पहिली खूण हीच की तो तुम्हाला बघायला लावतो. याच गेममधला लायनेल हा शत्रू बोटांची चपळाई तपासतो. मोल्डुगा तुमचं जमिनीकडे किती लक्ष आहे ते तपासतो. सगळ्यांनी चपळाईच का तपासावी?

‘एकच रीत’ हा मुद्दा तर २०२३ मध्ये खुद्द निंटेंडोनेच निकालात काढला. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या पुढच्या भागात मोल्डुगा परत आला, पण बटणाने फुटणारे ते रिमोट बॉम्ब आले नाहीत. ज्या एका हत्यारावर म्हणे हा बॉस चालतो, तेच काढून घेतलं. तरी मोल्डुगा मोडला नाही. बाणाला बॉम्बफूल जोडून त्याच्या उघड्या जबड्यात मारता येतं, झोनाई नावाच्या, जोडून वापरायच्या यंत्रांतला टाइम बॉम्ब वापरता येतो, उडतं यान बांधून वरून हल्ला करता येतो. हत्यारं बदलली तरी लढत उभी राहते, कारण ती बॉम्बवर नाही, एका नियमावर बेतलेली आहे: वाळूत आवाज झाला की तो येतो.

पहिल्या गेममध्येही दुसऱ्या वाटा होत्याच. उंच जागेवरून उडी घेऊन हवेत धनुष्य ताणलं की वेळ मंदावते. मोल्डुगाने झेप घेतली असताना असे बाण मारत बॉम्बला हातही न लावता लढता येतं. त्यात जोखीम जास्त आहे, पण बघण्यासारखं आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या गेमचा पाया उलगडून सांगितला होता. आधी ठरवलेली कोडी आणि त्यांची ठरलेली उत्तरं यापेक्षा, साधे नियम एकमेकांत गुंतून खेळाडूला स्वतःची वाट काढता यावी, हा त्यांचा प्रयत्न होता. मोल्डुगा त्याच विचारातून आलेला दिसतो. कुठेतरी वाचलेली सोपी रीत पहिल्या भेटीआधीच पाठ करून गेलात, तर तुम्हाला तेवढीच रीत दिसणार. तो दोष मोल्डुगाच्या माथी मारू नये.

आता मोल्गेरा. २००२ च्या ‘विंड वेकर’मधली विंड टेंपलची ती लढत मला फार आवडते. तिचं संगीत आणि वाळूतून निघून डोक्यावरून उडत जाणारा तो लांबलचक देह, या दोन्हींत मोल्डुगा तिच्या जवळपासही जात नाही, हे मान्यच करते. पण नक्कल? मोल्गेराची जीभ हुकशॉटने, म्हणजे साखळीच्या आकड्याने, ओढायची आणि तलवार चालवायची, ही तिथली ठरलेली वाट. तो हुकशॉटही त्याच टेंपलमध्ये मिळालेला असतो. म्हणजे ‘एकच रीत’ हा आरोप खरंतर ज्याची स्तुती केली जाते त्यालाच जास्त लागू पडतो. शिवाय वाळूतला बॉस ही काही मोल्गेराची मिरास नाही. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये डेझर्ट पॅलेसच्या शेवटी वाळूतून दगड उधळत बाहेर येणारे तीन लॅनमोलास होते. २००० मध्ये ‘मेजोराज मास्क’मध्ये ट्विनमोल्ड ही अजस्र किड्यांची जोडी होती, तिच्याशी लढायला लिंकला स्वतः राक्षसाएवढं होता यायचं. २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधला मोल्डरॅक नावाचा विंचू वाळूत दडायचा आणि गस्ट बेलोज या वारा फेकणाऱ्या साधनाने वाळू उडवून त्याला उघडं पाडावं लागायचं. हे सगळे एका खोलीत बंद होते: दार लागलं की लढाई सुरू. मोल्डुगाला खोली नाही, दार नाही. तुम्ही वाळूत पोहणाऱ्या सँड सील या प्राण्याच्या मागे ढालीवर घसरत निवांत चालला असता आणि अचानक संगीत बदलतं. लढायचं, वळसा घालायचा की सुसाट निघून जायचं, हे तुम्ही ठरवायचं. वाळूतल्या बॉसच्या या घराण्यात हे पहिल्यांदा घडलं, आणि तेच नेमकं ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं.

कथेत काम नाही म्हणणाऱ्यांनी गेरुडो टाउनमधल्या मलेनाशी बोलून बघावं. तिचा नवरा आजारी आहे आणि औषध म्हणून तिला मोल्डुगाचं आतडं हवंय. छोटं काम आहे, पण त्यानंतर तो राक्षस नुसता राक्षस राहत नाही, त्या गावाच्या जगण्याचा भाग होतो. आणि मेल्यावर मोल्डुगाकडून पेट्याही मिळतात, त्यामुळे ‘हाती काही लागत नाही’ हेही खरं नाही.

उरला चार वेळा तेच ते हा मुद्दा. हा मी बऱ्यापैकी मान्य करते. चांगली हत्यारं हातात आल्यावर तिसऱ्या-चौथ्या मोल्डुगाचा धाक उरत नाही, आणि ब्लड मून झाला की ते पुन्हा जिवंत होतात तेव्हा तर आणखीच कमी. चौघांत थोडा फरक ठेवायला हवा होता. तरी सगळे अगदी एकसारखे म्हणणं अन्यायाचं होईल. आर्बिटर्स ग्राउंड्स या जागेतला मोल्डुगा वाळूतून डोकावणाऱ्या पडक्या अवशेषांभोवती फिरतो. २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये याच नावाच्या वास्तूत, वाळूत अर्धा रुतलेल्या स्टॅलॉर्ड या बॉसच्या सांगाड्याशी ज्यांनी झुंज दिली होती, त्यांच्यासाठी तिथे उभं राहणं वेगळंच असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘चॅम्पियन्स बॅलड’ या गेमला जोडून आलेल्या भागात मोल्डुकिंगही मिळाला, अर्बोसा या पात्राच्या परीक्षांपैकी एक म्हणून. तो मोल्डुगापेक्षा चिवट आहे. आणि मूळ गेममध्ये मुख्य कथा संपवायला एकाही मोल्डुगाला मारावं लागत नाही. चौघांना मारल्यावर किल्टन हा गेममधला दुकानदार पदक देतो, ते हवं असेल तरच सगळ्यांच्या मागे लागावं. एका लढतीत ज्याचं मन भरलं, त्याने सील वळवावा आणि पुढे जावं.