चेन घट्ट केली म्हणून झीज जात नाही

नाशिकच्या दुचाकीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘चेन सैल पडली तर घट्ट करा, फार लांबली तर कडी काढा, वर जळकं ऑइल सोडा. चेन-स्प्रॉकेटचा सेट बदला म्हणणारा गॅरेजवाला लुटतो.’ नुसती सैल चेन म्हणजे बाद चेन नव्हे, एवढंच यात खरं. बाकीच्या भरवशावर कुणी कसारा घाट उतरू नये. चालत्या गाडीची चेन निसटून अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं.

चेन लांबते ती पट्ट्या ताणल्यामुळे नाही. पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) झिजतात, सांध्या-सांध्यात किंचित खेळ येतो आणि त्याची बेरीज होत जाते. कडी काढल्याने चेन आखूड होईल, पण उरलेल्या पिनांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहणार. अशी चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दातांच्या खाचेत बसायचं सोडून वर चढू लागते. म्हणून मोजा. 428 नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर 12.7 मिमी असतं. चेन ताणून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नवीन माप 254 मिमी येतं. ते 259 च्या घरात गेलं, म्हणजे 2 टक्के वाढलं, की चेन संपली. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बाहेर ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर उत्तर मिळालं.

चेन नुसती घट्ट करत जाणंही तसंच चुकीचं. डबलसीट खड्ड्यात गेलात की मागचं सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणते. ढील ठेवली नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चाक हाताने फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथेच ढील मोजा.

जळक्या ऑइलमध्ये इंजिनातला धातूचा कीस असतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागांची धूळ त्यात मिसळली की चेनला पॉलिश पेपरच लागतो. रॉकेलने पुसा, 90 नंबरचं गिअर ऑइल चेनच्या खालून जाणाऱ्या भागाला आतून लावा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. ओ-रिंगच्या (सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश नकोच.

सेटबाबत गॅरेजवाला बरोबर आहे. हुकासारखे वाकलेले स्प्रॉकेटचे दात नवी चेन लवकर खातात. त्याला माप दाखवायला सांगा, तो हक्क तुमचा. नवी चेन बसल्यावर चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिपही बघून घ्या : तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडेच हवी.