खऱ्या लाकडाचा शेड नंबर

"एक एमएमची शीट का हो ही?"

हा प्रश्न मला परवा विचारण्यात आला. विचारता विचारता त्या गृहस्थांनी माझ्या विमानाच्या पॅनेलवर नखाने टकटकही केलं.

सनमायकासारखी, लाकडाचं चित्र छापलेली शीट नाही ती. अक्रोडाचं लाकूड आहे. जमिनीत मुळं आणि फांदीवर पाखरं असलेल्या झाडाचं. त्या प्रश्नाला आता काही दिवस उलटले, तरी रात्री दिवा मालवला की मला एकाहून एक सरस उत्तरं सुचतात आणि ती द्यायला अंधारात कुणी नसतं.

मी विमान बांधतो. स्वतःच्या हाताने, दोन माणसांचं. ते का बांधतो, पुरं कधी होणार आणि बायकोचं त्यावर काय मत आहे, हे तिन्ही विषय आज नकोत. आज फक्त पॅनेल. म्हणजे वैमानिकासमोरची ती फळी, जिच्यात वेग, उंची, दिशा दाखवणारे मीटर बसवतात. फळी आपली म्हणायची. असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा दीडेक मिलिमीटर जाडीचा पत्रा. बहुतेक लोक त्याला राखाडी रंग फासून मोकळे होतात. मला ते पटेना. जे तासन्‌तास डोळ्यांसमोर राहणार ते राखाडी का म्हणून? तसले रंग सरकारी कपाटांना ठीक आहेत. म्हणून मी त्यावर 0.6 मिमीचं अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप, चढवलं.

आणि ते चढवून, घासून, पॉलिश करून, मीटर बसवण्याआधी जरा लांबून बघत उभा होतो, तेवढ्यात मेहुणे आले.

माझे नाहीत. शेजारच्या हँगरवाल्याचे. (हँगर म्हणजे विमानाचं गॅरेज.) बहिणीकडे मुक्कामाला आलेले, तर दाजींनी "चला, विमान दाखवतो" म्हणून सोबत आणलेलं. दाजींच्या विमानाचं इंजिन त्या दिवशी उघडं पडलं होतं, आणि उघड्या इंजिनात पाहुण्याने किती वेळ रस दाखवायचा यालाही मर्यादा असते. फिरत फिरत मेहुणे माझ्याकडे डोकावले, लाकूड दिसलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. मला वाटलं, आला, जाणकार आला. तिथेच फसलो. मेहुण्यांचा मॉड्युलर किचनचा धंदा आहे.

"शीट नाही. खरं लाकूड आहे," मी म्हणालो.

"हो हो, दिसतंच तसं," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "प्रिंट फार सुरेख आहे. आता टेक्स्चरवाल्या पण येतात ना, हात फिरवला की रेषा लागतात. तुम्ही प्लेन घेतली."

"रेषा लागत नाहीत, कारण मी घासून काढलंय. पॉलिश पेपर मारून. आधी बारीक, मग त्याहून बारीक."

"तेच म्हणतो साहेब. टेक्स्चरवाली घ्यायला हवी होती. खरी वाटली असती."

खरी वाटली असती! मी दाजींकडे पाहिलं. दाजी इंजिनात डोकं घालून बसले होते. इतकं आत, की तिथे तपासण्यासारखं खरोखर काही नव्हतं.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांना माझा संताप कळायचा नाही. आधी पत्रा घासून खरबरीत करायचा. मग पुसायचा, कारण बोटाच्या तेलाचा एक ठसा राहिला तरी नेमका तिथेच पुढे फुगा येतो. मग काँटॅक्ट गोंद. तो पत्र्यालाही लावायचा, व्हिनियरलाही लावायचा आणि दोन्ही सुकू द्यायचे. किती वेळ? तर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत. म्हणजे गोंद चिकटायचा थांबला की चिकटवायला घ्यायचं. या गोंदाचा स्वभावच असा. आणि एकदा का दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, की मग सरकवणं नाही, उचलणं नाही, माफी नाही. म्हणून मध्ये बटर पेपर घालतात. व्हिनियर त्यावर अलगद ठेवायचं, शिरा पॅनेलच्या कडेला समांतर आणायच्या, आणि मग एका टोकाने कागद बोटबोट ओढत, मधून कडेकडे रबरी रोलर दाबत जायचं. श्वास रोखलेला असतो. एक हात कागदाला, एक रोलरला. आणि खिशातला फोन वाजतो. हमखास वाजतो. मी उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी "तुला फोन घ्यायला काय होतं?" हेही ऐकलं.

मग भोकं. मोठ्या मीटरचं भोक 3⅛ इंचाचं, म्हणजे 79 मिमीच्या जरा वर. धाकट्याचं 2¼ इंचाचं. पत्र्यात ती आधीच पाडलेली असतात, पण व्हिनियर वरून बसलं की सगळी झाकून जातात आणि एकेक परत उघडायचं. आता लाकडाला शिरा असतात आणि भोक गोल असतं, यातच सगळं भांडण आहे. पातं शिरेच्या बाजूने चाललं की शिर त्याला आपल्या मागे ओढून नेते. आडवं चाललं की कपची उडते. त्यावर मास्किंग टेप लावायची, जरा हात राखून कापायचं आणि उरलेलं कानशीने काढायचं. कानस फक्त आत ढकलायची. परत येताना उचलून घ्यायची. ओढलीत, की व्हिनियर पत्र्यावरून उचकटलंच. मी एका भोकाच्या कडेवर अख्खी दुपार घालवलेली आहे, आणि ते भोक आज ज्या मीटरखाली झाकलेलं आहे त्याची कड इतकी रुंद आहे की वाकडं कापलं असतं तरी कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

तर हे सगळं पोटात ठेवून मी शांतपणे म्हणालो, "थांबा, दाखवतो," आणि कामातून उरलेला व्हिनियरचा तुकडा आणून त्यांच्या हातात दिला.

मेहुण्यांनी तो पुढून पाहिला. उजेडात धरून पाहिला. मग उलटा केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला विजय सोडून दुसरं नाव नाही.

"मागे कागद आहे!"

आहे. कागद आहे. 0.6 मिमीचं लाकूड नुसतं हाताळलं तर शिरेतून फाटतं, म्हणून विकतानाच पाठीला कागद लावून देतात. हे मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"साहेब, राग मानू नका," मेहुणे म्हणाले, "वीस वर्षं हेच करतोय. लॅमिनेट म्हणजे काय? कागदच. कागदावर कागद, त्यात रेझिन, वरती डिझाइनचा कागद, आणि दाब. तुम्हाला ज्याने दिलं त्याने लाकूड म्हणून दिलं असेल. तुमचा दोष नाही."

माझा दोष नाही! मी त्यांना पॅनेलपाशी नेलं आणि एका भोकाची कड दाखवली. बघा म्हटलं, पत्रा कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं.

"कडेला एजबँडची पट्टी नाही लावली," ते म्हणाले. "ओल शिरेल."

हे बाकी अगदीच चूक नव्हतं, म्हणून जास्त लागलं. लाकूड ओलीने आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. धातू उन्हाने सगळीकडून सारखा पसरतो. दोघांचं वेळापत्रक वेगळं, तक्रारी वेगळ्या, आणि मध्ये बिचारा गोंद. त्यात विमान उन्हात उभं राहणार. म्हणून कडा पॉलिशने बंद करायच्या असतात, आणि मी केल्या होत्या. हे सांगायला तोंड उघडलं तोवर मेहुणे पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

"बरं, खरं लाकूड असतं तर वजन नसतं वाढलं?"

इथे मी त्यांना खिंडीत गाठलं असं मला वाटलं. हिशेब तोंडपाठ होता. मीटरभर लांब, तीस सेंटिमीटर उंच पॅनेल. भोकं वजा जाता लाकूड शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. गोंद आणि पॉलिश धरलं तरी विमानाला त्याचा पत्ता लागायचा नाही. मी एवढ्या उत्साहाने सांगितलं की दाजींनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं.

"शंभर ग्रॅम," मेहुणे म्हणाले. "म्हणजे असून नसल्यासारखंच. मग शीट काय वाईट होती?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, म्हणजे आहे, पण ते ओरडून सांगावं लागतं.

खरं तर लाकडी विमानांचं घराणं मोठं. राइट बंधूंचं 1903 चं विमान स्प्रूस लाकडाचं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे ब्रिटिश लढाऊ विमान बर्च प्लायवूडच्या दोन थरांत बाल्सा भरून केलेलं, आणि त्याचे भाग कुणी बनवले? फर्निचरवाल्यांनी. कपाटं, टेबलं करणाऱ्या कारखान्यांनी. त्याच धंद्यातला माणूस आज विमानासमोर उभा राहून शेड नंबर, म्हणजे शीटच्या कॅटलॉगमधला क्रमांक, विचारतो. हो, तेही विचारलं त्यांनी; सांगतो.

आणि अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूजचं ते अवाढव्य लाकडी विमान, एच-4. पंखांचा पसारा 97 मीटरच्या वर. 2 नोव्हेंबर 1947 ला एकदाच उडालं, पाण्यावरून सुमारे वीस मीटर उंचीने दीडेक किलोमीटर. ते मुख्यतः बर्चचं. लोकांनी नाव काय पाडलं? 'स्प्रूस गूस'. ह्यूजला ते नाव मुळीच आवडायचं नाही. जगातला एवढा श्रीमंत माणूस, त्याचंही लाकूड लोकांनी धड ओळखलं नाही, तर माझं काय घेऊन बसलात? पण याने समाधान व्हावं तर होत नाही. बर्चला स्प्रूस म्हणणं परवडलं. निदान दोन्ही झाडं आहेत.

माझा खरा राग मेहुण्यांवर नाहीच. (थोडा आहे.) राग याचा की गाड्यांच्या डॅशबोर्डवर, पंख्यांच्या पात्यांवर, फ्रीजच्या दारावर, जिथे तिथे लाकडाचे फोटो चिकटवून आपली नजर इतकी बिघडवून ठेवली आहे, की आता लाकडालाच आपल्या फोटोसारखं दिसावं लागतं. गाठ दिसली तर डाग म्हणायचं, शिरा जुळल्या तर छापलेलं म्हणायचं. नीट काम केलं की खोटं ठरतं; खरं ठरायचं असेल तर कुठेतरी कपची उडालेली, गोंदाचा ओघळ आलेला हवा. आणि ही मेहनत मोजतं तरी कोण? अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, तर त्या हिशेबात रंगरंगोटी, गाद्या वगैरे धरतच नाहीत. म्हणजे सरकारदरबारीही माझी कानस शून्य.

मेहुण्यांना मात्र आता विमान आपलं वाटू लागलं होतं. त्यांनी सूचना करायला सुरुवात केली. पॉलिश असं मळकं का? हाय ग्लॉस करा. मी म्हटलं, ऊन चमकून डोळ्यांत जातं, म्हणून मुद्दाम सॅटिन ठेवलंय. पॅनेलला वरून एक शटर करा, सॉफ्ट क्लोजचं, म्हणजे धूळ बसणार नाही. मी म्हटलं, उडताना हे बघायचं असतं. मग ते मधोमध बोट ठेवून म्हणाले, "हे गोल काय?"

"होकायंत्राची जागा."

"याच्या शेजारी दोन मॅग्नेट द्या आतून. आमच्याकडे आहेत, कॅबिनेटच्या दाराचे. मोबाइल असा फटकन बसतो. सुटणार नाही."

होकायंत्राच्या शेजारी मॅग्नेट. ज्या जागेजवळ लोखंडी स्क्रूसुद्धा नको म्हणून मी पितळेचे हुडकून आणले, तिथे कॅबिनेटचा मॅग्नेट. दिशा चुकेल म्हणून मी समजावत बसलो. मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मोबाइलमध्ये मॅप असतोच ना."

निघताना त्यांनी पॅनेलचे फोटो काढले. जवळून, लांबून, तिरपे. एका फोटोत माझा हात येत होता, तो बाजूला घ्यायला लावला. आणि मग, डायरी उघडून, पेन सरसावून: "शेड नंबर काय म्हणालात?"

"अक्रोड," मी म्हणालो.

"ते नाव झालं. नंबर?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी लिहिलं, "नंबर माहीत नाही," आणि माझ्याकडे पाहिलं ते अशा करुणेने, की पाठीमागे कागद आहे हे बायकोपासून लपवणाऱ्याकडे पाहावं.

काल दाजी चेहरा पाडून हँगरमध्ये आले. म्हणाले, "मनावर घेऊ नका, पण सांगितलंच पाहिजे. मेहुण्यांनी तुमचा फोटो दुकानात दाखवला. एक गिऱ्हाईक तोच हवा म्हणून हटूनच बसलंय."

"मग?"

"मेहुण्यांनी सांगितलं, हा शेड कंपनीने बंद केला."

"आणि?"

"मिळताजुळता दिला." दाजींनी जरा थांबून माझ्या हातातल्या कानशीकडे पाहिलं. "टेक्स्चरवाला."